देशोदेशींच्या कला-संस्कृतीवरील सरकारी खर्चाची तुलना कशी करावी: गोव्यातील नव्या अभ्यासकांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

कला-संस्कृतीसाठी अधिक निधी मागणाऱ्या निवेदनांत एक वाक्य हमखास आढळते: पुढारलेले देश अर्थसंकल्पाच्या दोन ते पाच टक्के रक्कम कला-संस्कृतीवर खर्च करतात, भारत मात्र एक दशांश टक्काही करत नाही. गोव्यातील एका सांस्कृतिक संस्थेच्या निवेदनासाठी या वाक्यामागचे आकडे जुळवण्याचे काम माझ्याकडे आले होते. ते करताना असे दिसले की वाक्याचा दुसरा भाग अर्ध्या तासात पडताळता येतो, पहिला भाग मात्र कोणी कोणता खर्च मोजला यावर सर्वस्वी अवलंबून आहे. निधी वाढला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. म्हणूनच तो मागताना दिलेली तुलना वित्त खात्यातील अधिकाऱ्याला एका प्रश्नात मोडून काढता येऊ नये, असे मला वाटते. नाट्यसंस्थेचे पदाधिकारी, विद्यार्थी किंवा पत्रकार म्हणून तुम्ही हे काम पहिल्यांदा हाती घेत असाल, तर पुढील क्रमाने जा.

हाताशी काय असावे

- गोवा सरकारच्या अर्थसंकल्पातील अनुदानाच्या मागण्यांचे (म्हणजे खातेनिहाय मंजुरीसाठी मांडलेल्या खर्चाचे) खंड, शक्यतो सलग चार-पाच वर्षांचे
- केंद्रीय अर्थसंकल्पातील संस्कृती, माहिती व प्रसारण, पर्यटन आणि परराष्ट्र व्यवहार या मंत्रालयांची खर्चाची विवरणे
- कॅगचे (भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे) गोव्याचे वित्त लेखे व विनियोजन लेखे, तसेच केंद्र आणि सर्व राज्यांचे एकत्रित वित्त व महसूल लेखे
- युरोपीय देशांसाठी युरोस्टॅट या युरोपीय संघाच्या सांख्यिकी कार्यालयाची आणि इतर देशांसाठी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या सरकारी वित्त सांख्यिकीची कोष्टके
- जागतिक बँकेच्या संकेतस्थळावरील लोकसंख्या, जीडीपी आणि क्रयशक्ती समतेचे दर (त्याच वस्तू व सेवांसाठी प्रत्येक देशात किती चलन लागते, यावरून काढलेले दर)
- एक स्प्रेडशीट, ज्यात प्रत्येक आकड्याशेजारी वर्ष, स्रोत, पान क्रमांक आणि 'अंदाज की प्रत्यक्ष' असे चार स्तंभ असतील

यातील बहुतेक कागद संकेतस्थळांवर विनामूल्य मिळतात. जुने खंड मिळत नसतील, तर पणजीत पाटो येथील कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात संदर्भ विभागात चौकशी करावी. १८३२ मध्ये सुरू झालेले हे ग्रंथालय सरकारी प्रकाशनांसाठी आपल्याकडचे सर्वांत सोयीचे ठिकाण आहे. तेथेही न मिळालेला तपशील संबंधित खात्याच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज करून मागता येतो. अर्जात लेखाशीर्ष (खर्चाच्या प्रकाराला दिलेला हिशेबी क्रमांक) आणि आर्थिक वर्ष नेमके लिहावे. 'संस्कृतीवरील सर्व खर्चाची माहिती' अशा मोघम मागणीला तितकेच मोघम उत्तर येते.

१. प्रश्न एका वाक्यात लिहा

'कोणता देश कलेला अधिक पैसा देतो?' हा प्रश्न मोजता येत नाही. 'अमुक वर्षी भारत, जर्मनी आणि पोर्तुगाल या देशांतील सर्व स्तरांवरील सरकारांनी वाचनालये, संग्रहालये, रंगभूमी आणि वारसास्थळे यांवर जीडीपीच्या किती टक्के प्रत्यक्ष खर्च केला?' हा प्रश्न मोजता येतो. वर्ष, सरकारचे स्तर, खर्चाची व्याप्ती आणि भाजक (ज्याने खर्चाला भागायचे तो आकडा, येथे जीडीपी) या चारही गोष्टी त्या वाक्यात असाव्यात. सुरुवातीला तीनपेक्षा जास्त देश घेऊ नका.

२. आधी गोव्याचा अर्थसंकल्प सोडवून पाहा

परदेशाच्या आकड्यांना हात लावण्यापूर्वी आपल्याच राज्याचा हिशेब मांडून पाहावा, असा माझा आग्रह आहे. संस्कृतीचा खर्च किती ठिकाणी विखुरलेला असतो, हे ओळखीच्या संस्थांच्या नावांवरून जितके पटकन कळते तितके अनोळखी देशाच्या कोष्टकांवरून कळत नाही.

भारतात केंद्र आणि सर्व राज्ये एकच लेखाशीर्ष पद्धत वापरतात. 'कला व संस्कृती' यासाठी महसुली खर्चाचे प्रधान शीर्ष २२०५ आहे. त्याखाली ललित कला शिक्षण, कला-संस्कृतीचे संवर्धन, पुरातत्त्व, पुराभिलेख, सार्वजनिक ग्रंथालये, संग्रहालये अशी गौण शीर्षे येतात. भांडवली खर्च ४२०२ या शीर्षाखाली असतो, पण तेथे शिक्षण, क्रीडा, कला आणि संस्कृती हे सारे एकत्र आहे, त्यामुळे उपशीर्षापर्यंत उतरून संस्कृतीचा भाग वेगळा काढावा लागतो.

आता गोव्याकडे पाहा. कला व संस्कृती संचालनालयाच्या मागणीत कला अकादमी आणि रवींद्र भवनांची अनुदाने, तसेच 'कला सन्मान'सारख्या योजना सापडतात. संग्रहालय, पुरातत्त्व, पुराभिलेख आणि गोवा कला महाविद्यालय यांच्यासाठी वेगळीकडे पाहावे लागते. मराठी आणि कोकणी अकादम्यांची अनुदाने राजभाषा संचालनालयाकडून जातात. शिगमो आणि कार्निव्हलच्या मिरवणुकांचा मोठा भार पर्यटन खात्यावर असतो. कांपाल येथील कला अकादमीच्या वास्तूचे नूतनीकरण सार्वजनिक बांधकाम खात्यामार्फत झाले, त्यामुळे केवळ संस्कृती खात्याची मागणी वाचणाऱ्याला त्या कामाचे खरे आकारमान दिसत नाही. २००४ पासून गोव्यात होणाऱ्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचा खर्च केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे आणि राज्याच्या गोवा मनोरंजन संस्थेकडे विभागलेला आहे; केंद्रीय संस्कृती मंत्रालयाच्या विवरणात तो शोधूनही सापडणार नाही. याउलट जुन्या गोव्यातील जागतिक वारसा चर्चचे जतन भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण करते, म्हणजे तो पैसा संस्कृती मंत्रालयाचा, पण राज्याच्या कोणत्याच खंडात नसलेला.

आणखी एक गोष्ट नोंदवून ठेवा. जत्रेच्या रात्री देवळाच्या मांडवात होणाऱ्या मराठी नाटकाचा खर्च महाजन आणि गावकरी उचलतात. गोमंतकीय रंगभूमीचा केवढा तरी भाग या वर्गणीवर उभा आहे, आणि तो सरकारी खर्चाच्या एकाही ओळीत येत नाही. म्हणून सरकारी खर्चाच्या कोष्टकावरून एखाद्या समाजाच्या सांस्कृतिक जीवनाचे मोजमाप करू नये. सरकारने काय केले, एवढेच ते कोष्टक सांगते.

येथील सापळा: रिझर्व्ह बँकेच्या राज्यांच्या वित्तव्यवस्थेवरील वार्षिक अहवालात 'शिक्षण, क्रीडा, कला आणि संस्कृती' अशी एकच ओळ असते. तिच्यातील बहुतांश रक्कम शाळा-महाविद्यालयांवरील, त्यातही शिक्षकांच्या वेतनाची असते. ही ओळ संस्कृतीचा खर्च म्हणून उचललेली मी एकाहून अधिक लेखांत पाहिली आहे.

३. मंत्रालयांऐवजी प्रयोजनाची तुलना करा

मंत्रालयाची नावे आणि त्यांच्या सीमा प्रत्येक देश आपल्या राजकीय सोयीने ठरवतो. दक्षिण कोरियात संस्कृती, क्रीडा आणि पर्यटन मिळून एक मंत्रालय आहे. फ्रान्समध्ये १९५९ पासून स्वतंत्र संस्कृती मंत्रालय आहे. अमेरिकेत तसे मंत्रालयच नाही. तेव्हा मंत्रालयासमोर मंत्रालय ठेवणे हा या अभ्यासातील सर्वांत सामान्य आणि सर्वांत महागात पडणारा दोष आहे.

यावर उपाय म्हणून संयुक्त राष्ट्रांनी केलेले सरकारी कार्यांचे वर्गीकरण वापरतात. ते कोफॉग या नावाने ओळखले जाते. त्यात सरकारी खर्चाचे दहा विभाग आहेत आणि आठवा विभाग 'मनोरंजन, संस्कृती आणि धर्म' हा आहे. त्याचे पोटभाग नीट पाहून घ्या: ०८.१ मनोरंजन व क्रीडा, ०८.२ सांस्कृतिक सेवा, ०८.३ प्रसारण व प्रकाशन, ०८.४ धार्मिक व इतर सामुदायिक सेवा, ०८.५ या क्षेत्रातील संशोधन आणि ०८.६ उरलेले. कला-संस्कृतीची तुलना करताना पाया ०८.२ हाच धरावा. संपूर्ण आठवा विभाग उचलला, तर क्रीडांगणे, पोहण्याचे तलाव, सार्वजनिक दूरचित्रवाणी आणि चर्चला मिळणारे सरकारी साहाय्य हे सारे 'कलेवरील खर्च' म्हणून मोजले जाते.

मात्र ०८.२ ची व्याप्तीही आपल्या खात्यांशी तंतोतंत जुळत नाही. त्यात वाचनालये, संग्रहालये, नाट्यगृहे आणि स्मारके यांच्याबरोबर प्राणिसंग्रहालये आणि वनस्पती उद्यानेही येतात. म्हणजे या हिशेबाने बोंडल्याचे प्राणिसंग्रहालय सांस्कृतिक सेवेत मोडते, आपल्याकडे मात्र ते वन खात्याच्या ताब्यात आहे. उलट ललित कलांचे पदवी शिक्षण आपण २२०५ खाली दाखवतो, आणि कोफॉगमध्ये ते नवव्या, म्हणजे शिक्षणाच्या विभागात जाते. असे प्रत्येक स्थलांतर स्प्रेडशीटमध्ये वेगळ्या ओळीत दाखवावे, बेरजेत गुपचूप मिसळू नये.

परदेशांतील सांस्कृतिक कार्य हाही एक निसटणारा भाग आहे. आपली आयसीसीआर (भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद) परराष्ट्र मंत्रालयाखाली आहे, पोर्तुगालची कामॉइंश संस्था आणि ब्रिटिश कौन्सिलही आपापल्या देशांच्या परराष्ट्र खात्यांशी जोडलेल्या आहेत. ही रक्कम घ्यायची तर सर्व देशांची घ्या, अन्यथा कोणाचीच नको. पणजीतील फुंदासांव ओरिएंत खासगी प्रतिष्ठान आहे. तिचे कार्यक्रम पोर्तुगाल सरकारच्या खात्यावर मांडू नयेत.

प्रसारणाबाबत विशेष जपावे. ब्रिटनमध्ये बीबीसीचे परवाना शुल्क राष्ट्रीय लेख्यांत कर म्हणून गणले जाते. फ्रान्सने असेच शुल्क २०२२ मध्ये रद्द केले आणि मूल्यवर्धित कराचा वाटा त्या जागी दिला. पोर्तुगालच्या अर्थसंकल्पात अनेक वर्षे संस्कृतीच्या कार्यक्रमातच सार्वजनिक दूरचित्रवाणीची रक्कम धरली गेली, त्यामुळे वरवर पाहणाऱ्याला त्या वर्षांचा संस्कृतीचा आकडा फुगलेला दिसतो. भारतात प्रसार भारतीला माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून वर्षाला दोन हजार कोटी रुपयांहून अधिक अनुदान मिळते, आणि ते संस्कृती मंत्रालयाच्या आकड्यात नसते. माझा सल्ला असा की प्रसारण पूर्णपणे वगळावे आणि वगळल्याचे स्पष्ट लिहावे.

४. सरकारचे सर्व स्तर मोजा, पण एक रुपया एकदाच मोजा

जर्मनीत संस्कृती हा प्रामुख्याने राज्यांचा अधिकार आहे. तेथील सार्वजनिक सांस्कृतिक खर्चापैकी सुमारे चार पंचमांश भाग राज्ये आणि नगरपालिका उचलतात, त्यामुळे बर्लिनमधील संघ सरकारचा आकडा घेऊन केलेली तुलना जर्मनीवर अन्याय करते. भारताची रचनाही याच प्रकारची आहे. घटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यांची ग्रंथालये व संग्रहालये आणि नाट्यगृहे व नाट्यप्रयोग राज्यसूचीत आहेत. राष्ट्रीय महत्त्वाची स्मारके केंद्राकडे आहेत. केवळ दिल्लीचा आकडा घेऊन 'भारत इतका खर्च करतो' असे लिहिणे म्हणजे सर्व राज्यांचा खर्च शून्य मानणे होय.

सर्व राज्यांची अनुदाने एकेक करून गोळा करण्याची गरज नाही. कॅगच्या एकत्रित वित्त व महसूल लेख्यांत २२०५ ची राज्यवार रक्कम मिळते. पंचायती आणि नगरपालिका स्वतःच्या उत्पन्नातून जो खर्च करतात तो तेथे येत नाही, ही मर्यादा तळटीपेत नोंदवावी.

दुहेरी मोजणीचा धोका याच पायरीवर असतो. केंद्राने राज्याला दिलेले अनुदान केंद्राच्या खर्चातही दिसते आणि राज्याने ते खर्च केल्यावर राज्याच्या हिशेबातही दिसते. राज्याने रवींद्र भवनाला दिलेले अनुदान आणि रवींद्र भवनाच्या ताळेबंदातील खर्च यांचेही तसेच. ज्या स्तरावर पैसा प्रत्यक्ष खर्च झाला त्या स्तरावर तो मोजावा आणि वरच्या स्तरावरील हस्तांतरण वजा करावे. युरोस्टॅट आणि नाणेनिधीच्या 'सर्वसाधारण सरकार' या आकड्यांत ही वजावट आधीच झालेली असते.

५. तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च वेगळे ठेवा

अर्थसंकल्पाच्या दिवशी वर्तमानपत्रांत येतो तो अर्थसंकल्पीय अंदाज. वर्षाअखेरीस सुधारित अंदाज येतो आणि प्रत्यक्ष आकडे आणखी एक वर्षाने मिळतात. आपल्या तरतुदीशेजारी दुसऱ्या देशाचा प्रत्यक्ष खर्च ठेवू नका. थोडे जुने असले तरी प्रत्यक्ष आकडेच घ्या.

आर्थिक वर्षेही जुळवावी लागतात. भारत, ब्रिटन आणि जपान यांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, अमेरिकेच्या संघ सरकारचे ऑक्टोबरमध्ये, ऑस्ट्रेलियाचे जुलैमध्ये. २०२० आणि २०२१ ही वर्षे पायाभूत म्हणून टाळावीत. ब्रिटनने २०२० मध्ये १५७ कोटी पौंडांचा सांस्कृतिक पुनरुज्जीवन निधी जाहीर केला, जर्मनीनेही मोठे विशेष साहाय्य दिले, आणि त्याच काळात जीडीपी घसरल्यामुळे टक्केवारी दोन्ही बाजूंनी वाढलेली दिसते.

६. भाजक विचारपूर्वक निवडा

आता सुरुवातीच्या वाक्याकडे येऊ. २०२४-२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात संस्कृती मंत्रालयासाठी ३,२६०.९३ कोटी रुपयांची तरतूद होती आणि एकूण खर्चाचा अंदाज सुमारे ४८.२१ लाख कोटी रुपये होता. भागाकार केला की साधारण ०.०७ टक्के येतात. एक दशांश टक्क्याहून कमी, हे विधान आकड्यापुरते बरोबर आहे.

दुसऱ्या बाजूला युरोपीय संघाकडे पाहा. कोफॉगच्या संपूर्ण आठव्या विभागावर तेथील सर्व स्तरांची सरकारे मिळून अलीकडच्या वर्षांत जीडीपीच्या सुमारे १.१ ते १.२ टक्के खर्च करतात. एकूण सरकारी खर्च जीडीपीच्या निम्म्याच्या आसपास असतो. म्हणजे आठव्या विभागाचा वाटा सरकारी खर्चाच्या दोन टक्क्यांहून थोडा अधिक भरतो. 'दोन ते पाच टक्के' या पट्ट्याची खालची कड अशी गाठली जाते, आणि तीही क्रीडा, उद्याने, दूरचित्रवाणी, धर्म आणि प्रत्येक नगरपालिका धरून! निव्वळ सांस्कृतिक सेवांचा भाग त्यात निम्म्याहून कमी आहे. ०.०७ टक्क्यांत मात्र क्रीडा नाही, प्रसार भारती नाही, एकही राज्य नाही आणि एकही पालिका नाही. हे दोन आकडे एका वाक्यात शेजारी ठेवता येत नाहीत. पूर्ण बेरीज केल्यावरही भारत बराच मागे राहील असा माझा अंदाज आहे, पण ती तफावत प्रामाणिक असेल आणि निवेदनात टिकेल.

अर्थसंकल्पातील वाटा हा भाजक एका देशातील वर्षावर्षांची तुलना करायला चांगला आहे. देशांमध्ये तो फसवा ठरतो, कारण जेथे आरोग्यसेवा आणि निवृत्तिवेतन सरकार देते तेथे एकूण खर्चच मोठा असतो. जीडीपीची टक्केवारी त्याहून बरी, तरी तिलाही अपवाद आहेत. आयर्लंडमध्ये बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या हिशेबांमुळे २०१५ मध्ये जीडीपी एका वर्षात सुमारे २५ टक्क्यांनी वाढला, त्यामुळे त्या देशाचा कोणताही खर्च जीडीपीच्या तुलनेत लहान दिसतो. तेथील सांख्यिकी कार्यालय त्यासाठी सुधारित राष्ट्रीय उत्पन्नाचा वेगळा आकडा प्रसिद्ध करते, तो घ्यावा.

दरडोई रकमेसाठी विनिमय दर वापरायचा की क्रयशक्ती समता, हा प्रश्न सुटल्याशिवाय पुढे जाऊ नका. २०१७ मध्ये एका डॉलरचा बाजारातील दर ६५.१२ रुपये होता, पण जागतिक बँकेच्या आंतरराष्ट्रीय तुलनेनुसार क्रयशक्तीच्या हिशेबाने तो २०.६५ रुपये होता. हा तिप्पट फरक निष्कर्ष कसा उलटवतो, ते पाहा. वरील ३,२६०.९३ कोटी रुपये सुमारे १४४ कोटी लोकांत विभागले, तर माणशी २२-२३ रुपये येतात. २०१७ च्या बाजारभावाने ते सुमारे पस्तीस सेंट होतात, त्याच वर्षाच्या क्रयशक्तीने एक डॉलरच्या थोडे वर. अमेरिकेच्या नॅशनल एन्डाउमेंट फॉर द आर्ट्स या संस्थेला २०२४ मध्ये २०.७ कोटी डॉलर मिळाले, म्हणजे माणशी साधारण ६२ सेंट. एका मोजणीने अमेरिका जवळजवळ दुपटीने पुढे, दुसरीने भारत पुढे! दोन्ही निष्कर्ष टाकाऊ आहेत, कारण अमेरिकेची ती संस्था मुख्यतः अनुदाने देते, तर आपल्या मंत्रालयात पुरातत्त्व सर्वेक्षण, संग्रहालये आणि ग्रंथालये येतात. अमेरिकेत एकट्या स्मिथसोनियनलाच संघ सरकारकडून वर्षाला शंभर कोटी डॉलरहून अधिक रक्कम वेगळी मिळते. २०१७ चा दर येथे केवळ फरकाचे प्रमाण दाखवण्यासाठी घेतला आहे. प्रत्यक्ष कामात खर्चाच्या वर्षाचाच दर घ्यावा. इमारती आणि वेतन यांसाठी क्रयशक्ती समता योग्य, परदेशी कलाकारांच्या मानधनासाठी किंवा आयात यंत्रसामग्रीसाठी विनिमय दर योग्य.

७. करसवलतींची वेगळी नोंद ठेवा

सरकारने न घेतलेला कर हेही साहाय्यच असते, पण ते खर्चाच्या कोष्टकात दिसत नाही. अमेरिकेतील संग्रहालये आणि वाद्यवृंद मोठ्या प्रमाणात देणग्यांवर चालतात आणि देणगीदारांना प्राप्तिकरात सवलत मिळते. ब्रिटनमध्ये चित्रपट आणि रंगभूमीच्या निर्मितीला करसवलत आहे. भारतात प्राप्तिकर कायद्याखाली देणगीवर वजावट मिळते, आणि नाटक, नृत्य, संगीताच्या प्रयोगांना ठरावीक रकमेपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी माफ केलेला आहे. २०१७ च्या अधिसूचनेत ही मर्यादा २५० रुपये ठेवली होती, २०१८ मध्ये ती ५०० रुपये करण्यात आली. पणजी-मडगावच्या व्यावसायिक नाट्यप्रयोगांना या माफीचा प्रत्यक्ष उपयोग होतो. ही रक्कम थेट खर्चात मिळवू नका. स्वतंत्र परिच्छेदात मांडा. ब्रिटनच्या बाबतीत नॅशनल लॉटरीतून कलेला जाणारा पैसाही असाच वेगळा दाखवावा.

८. आकडा त्याच्या अटींसह लिहा

निवेदनात किंवा लेखात आकडा देताना त्याच वाक्यात वर्ष, स्तर, व्याप्ती आणि स्रोत आले पाहिजेत. उदाहरणार्थ: 'अमुक वर्षी केंद्र आणि सर्व राज्यांनी मिळून, प्रसारण आणि क्रीडा वगळून, प्रधान शीर्ष २२०५ खाली केलेला प्रत्यक्ष महसुली खर्च जीडीपीच्या इतके टक्के होता, युरोपीय संघात सांस्कृतिक सेवांवरील सर्व स्तरांचा खर्च त्याच वर्षी इतके टक्के होता, युरोपच्या आकड्यात भांडवली खर्च आणि पालिकांचा खर्च समाविष्ट आहे, भारताच्या आकड्यात नाही.' वाक्य लांबते, पण त्यावर आक्षेप घेणाऱ्याला आधी तुमची व्याख्या वाचावी लागते.

ज्या देशाचा एखादा आकडा मिळाला नाही, तेथे शून्य न लिहिता रकाना रिकामा ठेवावा. देशांची क्रमवारी लावण्याचा मोह टाळावा. तीन देशांची पाच वर्षांची वाटचाल शेजारीशेजारी दाखवणे अधिक उपयोगी पडते. निवेदन सादर करताना स्प्रेडशीटची छापील प्रत परिशिष्ट म्हणून जोडावी, आणि अर्थसंकल्पपूर्व सूचना मागवल्या जातात त्या काळातच, म्हणजे राज्याचा अर्थसंकल्प मांडला जाण्याच्या निदान दोन महिने आधी, ते कला व संस्कृती संचालनालय आणि वित्त खाते या दोन्हीकडे देऊन पोच घ्यावी.